चंपतराव येईपर्यंत

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी पाऊण वाजल्यापासून दोन पस्तीसपर्यंत, नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या सुमंत पाटोळे यांच्या घरी सहा भुकेली माणसे वाढलेल्या जेवणासमोर बसून होती आणि त्यांपैकी एकानेही घास घेतला नाही. कोणाचा उपास नव्हता. कोणी आजारी नव्हते. भांडणही झालेले नव्हते.

सहापैकी तिघे यजमान होते. सुमंतराव भूजल खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षे विहिरींची पातळी मोजल्यामुळे घडलेली कोणतीही गोष्ट वेळेसह वहीत टिपण्याची त्यांना सवय होती. वरच्या वेळा त्या वहीतल्याच आहेत. त्यांच्या पत्नी जयवंताबाई चर्चच्या भगिनी मंडळात होत्या आणि मुलगी मिनल विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होती. उरलेले तिघे याच संस्थेत सहा महिन्यांसाठी आलेले पाहुणे: जपानचे पंचावन्न वर्षांचे हायाशी, इथिओपियाचा टेस्फाये, जो पाटोळ्यांच्या दारातून वाकल्याशिवाय आत येऊ शकत नव्हता, आणि उझबेकिस्तानची दिलनोझा.

भगिनी मंडळ दर जानेवारीत शहरातल्या परदेशी पाहुण्यांना सभासदांच्या घरी जेवायला बोलावत असे. परक्याला घरात घेणे हे प्रभूलाच घरात घेणे आहे, अशी त्यामागची श्रद्धा. गेल्या वर्षी जयवंताबाईंकडे स्कॉटलंडचे एक गृहस्थ आले होते आणि त्यांच्या सावजी रश्श्याने त्यांना सव्वादोन तास उचकी लागली होती. मंडळाच्या सचिव मीराबाई हे विसरल्या नव्हत्या.

"या साली तुमी फक्त चहा पाजा, जयवंताबाई," मीराबाई बैठकीत म्हणाल्या. "तो उचकीवाला माणूस अजून पत्रात लिहून राहिला त्याबद्दल."

"चहा नाही. जेवणच," जयवंताबाई म्हणाल्या. "माझ्या घरून एक जरी पाहुणा उपाशी उठला, तर पुढच्या सालापासून सगळे पाहुणे तुमच्या घरी. मी तोंड उघडणार नाही."

मीराबाईंनी हे इतिवृत्तात लिहून घेतले आणि दोन सभासदांच्या सह्या घेतल्या.

त्यामुळे त्या रविवारी जयवंताबाई पहाटेपासून स्वयंपाकघरात होत्या. सावजी मटण, गोळाभात, पोळ्या, वरण आणि शेवटी संत्रा बर्फी. साडेअकरालाच त्यांनी टेबलावर सात ताटे आणि सात पेले मांडले आणि भिंतीकडच्या हातांच्या खुर्चीवर धुतलेला अभ्रा घातलेली उशी ठेवली. पाऊण वाजता सगळे बसले. सुमंतरावांनी चाळीस सेकंदांची प्रार्थना केली, सर्वांनी आमेन म्हटले, वाढून झाले आणि मिनलने पाहुण्यांना सुरू करण्याची विनंती केली.

तिन्ही पाहुणे प्रसन्न हसले आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"तुम्ही निवांत," हायाशी इंग्रजीत म्हणाले. "आम्हांला मुळीच घाई नाही."

पाहुण्यांच्या आधी यजमानाने जेवायचे नाही, हा पाटोळ्यांच्या घरचा नियम. म्हणून यजमानांनीही हात मांडीवर ठेवले. हवापाण्यावर बोलणे झाले. एक वाजता सुमंतराव पत्नीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"काहून जेवून नाही राहिले वं हे?"

"मले काय विचारता? तुमी प्रार्थना अशी उरकली जशी बस सुटून राहिली. त्यायले वाटलं असंल, अजून सुरूच नाही झाली."

"ठीक. मग पहिल्यांदा प्रार्थना बदलून पाहू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशानं फरक पडला ते कळते."

"तुमी विहिरी मोजा," जयवंताबाई म्हणाल्या.

पाहुण्यांना आपापल्या भाषेत प्रार्थना करण्याची विनंती झाली. दिलनोझाने ओंजळ धरून दोन ओळी म्हटल्या आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. हायाशींनी डोळे मिटून मान लववली. टेस्फायेची प्रार्थना अकरा मिनिटे चालली. तेवढ्यात रश्श्यावर तुपासारखी साय धरली. मग तिघांनी पुन्हा हात मांडीवर ठेवले आणि आतल्या दाराकडे पाहिले.

"तिखटाले भिऊन राहिले," जयवंताबाईंनी स्वयंपाकघरात निदान केले. "त्या उचकीवाल्यानं जगभर सांगितलं असंल."

त्यांनी पातेल्यातले निम्मे मटण चाळणीत घेतले, नळाखाली धरले आणि फोडी पांढऱ्या दिसेपर्यंत धुतले. मग त्यांवर दही घातले. सुमंतरावांनी वहीत लिहिले: "१.२६. मटण धुतले." धुतलेले मटण टेबलावर आले. पाहुण्यांनी त्याकडे आदराने पाहिले.

"आई, चमच्यांचा तं प्रश्न नसंल ना?" मिनल म्हणाली. "हायाशी काड्यांनी जेवतात."

घरात काड्या नव्हत्या. विणकामाच्या सुया होत्या, आठ नंबरच्या, पण त्यांतल्या एका सुईवर मफलरचा एक वीत भाग होता आणि तो काढला तर उसवला असता. हायाशींनी दोन्ही सुया दोन्ही हातांनी स्वीकारल्या, मफलरची वीण जवळून पाहिली आणि त्या ताटाशेजारी समांतर ठेवून दिल्या.

एक चाळीसला फोन वाजला.

"कसं काय, जयवंताबाई?" मीराबाईंचा आवाज आला. "जेवून राहिले का पाहुणे?"

जयवंताबाई खोटे बोलत नसत. "जेवायला बसले आहेत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी पदराने कपाळ पुसले. "आता थोड्या वेळानं मोजाले घरीच येतीन त्या. काही करा हो."

यानंतर असे ठरले की पाहुण्यांना खुर्च्या अवघडत असाव्यात. दोघांच्या देशांत तरी जमिनीवर बसून जेवण्याची रीत आहे, असे मिनलने कुठेतरी वाचले होते. टेबल भिंतीला सरकवले, सतरंजी अंथरली. जयवंताबाईंनी सर्वांत आधी उशी आणि तिच्यासमोरचे ताट मानाच्या जागी हलवले, मग बाकीची सहा ताटे. टेस्फायेचे पाय मावेनात म्हणून त्याला कोपऱ्यात तिरपे बसवले. गोळाभात दुसऱ्यांदा गरम झाला. बसल्यावर पाहुण्यांनी पुन्हा आतल्या दाराकडे पाहिले.

पावणेदोन होऊन गेल्यावर टेस्फायेने सुमंतरावांना हळूच विचारले, "आणखी कोणी यायचे आहे का?"

"नाही," सुमंतराव म्हणाले. "घरातले आणि बोलावलेले, सगळे इथेच आहेत."

उत्तर अचूक होते. टेस्फायेने ते ऐकून दुःखी चेहऱ्याने मान हलवली आणि बाकीच्या दोघांना काहीतरी सांगितले. तेव्हापासून तिघे अधिकच ताठ बसले.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. सुमंतराव जेवायला बसण्यापूर्वी पाण्याची मोटर लावत आणि जेवून उठले की बंद करत. त्या दिवशी मोटर नेहमीप्रमाणे लागली. जेवून मात्र कोणी उठले नाही. गच्चीवरची टाकी भरली आणि वाहू लागली. टाकीच्या खाली खाटेवर, हिवाळ्याचे ऊन खात, वरच्या मजल्यावर राहणारे चंपतराव झोपले होते. काटोलला संत्र्याची बाग असलेले हे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ आंघोळीच्या बाबतीत तसे काटकसरीचे होते.

दोन तेहेतीसला ते मागच्या जिन्याने उतरून, स्वयंपाकघरातून, आतल्या दारात उभे राहिले. अंगात बनियन, कमरेला लुंगी, केसांतून पाणी.

"सुमंतराव, मोटर लावून कुठं गेले होते गा? नागपुरात नळाले पाणी नाही आन् तुमी मले धुऊन राहिले."

सुमंतराव मोटर बंद करायला धावले. चंपतरावांची नजर सतरंजीवर गेली.

"हे ताट कोणाचं?"

"कोणाचं नाही, काका," मिनल म्हणाली.

"मंग बसतो मी. भिजवलं तं जेवाले तरी घाला."

ते उशीवर बसू लागले, तोच तिन्ही पाहुणे उठून उभे राहिले. हायाशी कमरेतून वाकले आणि त्यांनी आपले व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी पुढे केले. टेस्फायेने कॉफीचे पाकीट अर्पण केले. दिलनोझाने छातीवर हात ठेवून पिशवीतून काळी, पांढऱ्या भरतकामाची चौकोनी टोपी काढली आणि ती चंपतरावांच्या ओल्या केसांवर स्वतः बसवली.

चंपतरावांनी टोपी चाचपली.

"सुमंतराव, तुमच्या धर्मात लय माया हाय गा," ते परत आलेल्या सुमंतरावांना म्हणाले. "माणूस नुसता ओला झाला तरी टोपी भेटते."

जयवंताबाईंनी त्यांना वाढले. त्यांनी पोळी मोडली, रश्श्यात बुडवली आणि तोंडात घातली. त्याच क्षणी तिन्ही पाहुणे जेवू लागले. वहीत नोंद आहे: "२.३५. सुरू."

पुढच्या चाळीस मिनिटांत न धुतलेले मटण संपले. हायाशींनी रस्सा तीनदा मागून घेतला. त्यांचे कान गाजरासारखे लाल झाले, पण उचकी लागली नाही. धुतलेल्या मटणाला कोणी हात लावला नाही. "हे आजारी होतं का गा?" चंपतरावांनी तेवढे विचारले. निघताना तिन्ही पाहुण्यांनी त्यांचा वेगळा निरोप घेतला, त्यांनी प्रत्येकाला चार-चार संत्री दिली आणि मिनल पाहुण्यांना सोडायला गाडी घेऊन गेली.

जयवंताबाईंनी तीन वीसला फोन केला. "मीराबाई, जेवले. मटणाचं पातेलं पुसून निघालं. पुढच्या सालीही आम्हालेच बोलवा म्हणून तिघांनी सांगितलं. हेही लिहून घ्या."

फोन ठेवून त्या पतीला म्हणाल्या, "मी भात गरम करता करता प्रार्थना केली होती. देवानं चंपतरावायले धाडलं."

"धाडलं मोटरनं," सुमंतराव म्हणाले. "पण त्यायले पाहून हे जेवले काहून? चंपतरावायले पाहून आपल्याले तं कधी भूक नाही लागली."

साडेचारला मिनल परतली आणि चपला न काढता हसत पायरीवर बसली.

"हायाशींनी गाडीत विचारलं, तुमचे आजोबा नेहमीच एवढे रागावतात का?"

"कोणते आजोबा?" सुमंतराव म्हणाले.

"चंपतकाका. बाबा, पाहुण्यायले वाटलं, घरातलं मोठं माणूस आत रुसून बसलं आहे. आई दर दहा मिनिटांनी आत जाऊन राहिली होती ना, ते त्याची समजूत काढाले. मटण धुतलं ते त्याच्याचसाठी. आपण एवढ्या प्रार्थना केल्या त्याही त्यानं बाहेर यावं म्हणून. टेस्फायेनं तुम्हांला विचारलं तं तुम्ही म्हणाले, कोणी यायचं नाही. तेव्हा त्यायची खात्रीच पटली की बिचारे लपवून राहिले. मग काका आतून ओले होऊन, ओरडत आले. त्यायले वाटलं, चला, आंघोळ तरी केली."

"पण आत कोणी आहे, हे त्यायच्या डोक्यात आलंच कुठून?" जयवंताबाईंनी विचारले.

मिनलने सतरंजीवरच्या मानाच्या जागेकडे बोट दाखवले. सुमंतरावांनी वही उघडली.

कारण पुढीलप्रमाणे. पाटोळ्यांच्या घरी जेवताना एक ताट जास्त मांडतात. ही पद्धत जयवंताबाईंच्या सासूबाईंनी घातली: प्रभू कोणत्याही रूपात दारात येऊ शकतो, म्हणून न बोलावता येणाऱ्यासाठी सर्वांत चांगली जागा आणि स्वच्छ ताट तयार असावे. एकतीस वर्षांत त्या ताटावर एकूण पाच जण जेवले, त्यांतला एक गॅसचे सिलिंडर घेऊन आलेला होता. रोज दिसत असल्यामुळे ते ताट घरातल्या तिघांना दिसेनासे झाले होते. पाहुण्यांना ते दिसले. त्या तिघांचे देश, भाषा आणि प्रार्थना वेगवेगळ्या होत्या. पण मांडलेल्या प्रत्येक ताटावर माणूस येऊन बसल्याशिवाय जेवायला लागू नये, हे तिघांनाही आपापल्या घरी शिकवलेले होते. म्हणजे न बोलावलेला पाहुणा उपाशी राहू नये म्हणून मांडलेल्या ताटामुळे बोलावलेले तीन पाहुणे एक तास पन्नास मिनिटे उपाशी राहिले.