हौसाची जीभ

एका जंगलात, बाळांनो, सगळे सज्जन राहायचे. निदान सूर्य मावळेपर्यंत तरी.

त्या जंगलात झीज नावाचा आजार आला. तो वाऱ्याने येत नव्हता, पाण्याने येत नव्हता. शेजारी बसल्याने तर मुळीच येत नव्हता. तो यायचा अंधारातल्या भेटीगाठींतून. कसल्या भेटीगाठी, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल. तिथल्या मोठ्यांनाही कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

घोरपड त्या जंगलाची वैद्यीण. तिने एक पाला शोधून काढला. झीज अंगात शिरण्याआधीपासून रोज चघळला, की ती शिरतच नाही. खोड एकच, पाल्याने जीभ निळी व्हायची. आणि पाणवठ्यावर जीभ बाहेर काढल्याशिवाय पाणी पिता येत नाही.

हौसा नावाची एक भेकरीण होती. तिचा नवरा बाजी रोज संध्याकाळी "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून ओढ्यापलीकडे जायचा आणि उजाडता परतायचा. हौसाला सगळं ठाऊक होतं. तिला भांडायचं नव्हतं, जगायचं होतं. पाडस अजून अंगावर पीत होतं.

ती घोरपडीकडे गेली. "मावशी, मला पाला द्या."

"शहाणी आहेस," घोरपड म्हणाली. "खंड मात्र पडू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी हौसा पाणी प्यायला वाकली आणि तिची निळी जीभ सगळ्यांना दिसली. मग कुजबुज सुरू झाली. बाजी रात्री कुठे जातो, हे कुणीच विचारलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं, काहींना तर जातीने.

सासूने कपाळावर हात मारला. "अगं बया! घरंदाज बाईला कशाला हवा तो पाला? कुणाकडे जातेस?"

"मी कुठे जाते? तुमचे चिरंजीव जातात."

"तो नर आहे! आणि त्याची जीभ बघ, कशी स्वच्छ!"

प्रकरण आबासाहेब गव्याकडे गेलं. ते संस्कार समितीचे अध्यक्ष. त्यांना काही कळत नसे, म्हणून निवाडा तेच करायचे.

"झीज झालीय का तुला?" त्यांनी हौसाला विचारलं.

"नाही. होऊ नये म्हणून तर खाते."

"न झालेल्या आजाराचं औषध खाणारीच्या मनात काय असणार, ते सभेने ओळखावं." सभेने माना डोलावल्या. "यापुढे ज्याला झीज झाली, त्यालाच पाला मिळेल."

"अहो, तेव्हा तो पुरत नाही!" घोरपड ओरडली.

"तू सरपटणाऱ्यांतली. तुला संस्कार काय कळणार!"

हौसाने पाला सोडला. पाडसाला घेऊन जाणार कुठे? जीभ पुन्हा गुलाबी झाली. सासू तिच्याशी बोलू लागली, शेजारणी पाणवठ्यावर जागा देऊ लागल्या. पावसाळा सरला आणि हौसाच्या बरगड्या दिसू लागल्या.

घोरपडीने झीज झालेल्यांचं दुसरं औषध आणलं. हे जन्मभर रोज घ्यायचं. मी जगेन का, असं हौसाने विचारलं नाही. "याने जिभेला रंग येतो का हो?" एवढंच विचारलं.

"नाही गं बाई," म्हणताना घोरपडीला रडू फुटलं.

आबासाहेबांनी समितीतर्फे निष्कलंक जिभेबद्दल हौसाचा सत्कार ठेवला. भाषण फार छान झालं. हौसाला उभं राहवत नव्हतं, म्हणून तिच्या वतीने हार बाजीने स्वीकारला.

तात्पर्य : बाळांनो, औषध आजाराच्या आधी कधीही घेऊ नये, लोक नावं ठेवतात. आजार झाल्यावर घ्यावं, म्हणजे लोक हळहळतात.