कातळावरचे पळसाचे पान

एका जंगलात, बाळांनो, कुणालाही काहीही लिहायची मुभा होती. पाणवठ्याच्या वाटेवर एक भलामोठा कातळ होता. त्यावर गेरूने लिहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याने वाचायचे.

माकडे शिव्या लिहीत. कोल्हा टवाळी करी. एकदा त्याने लिहिले, 'टिटवी पाय वर करून झोपते. आभाळ आपणच पेललंय असं तिला वाटतं.' सगळे जंगल हसले. टिटवीला इतके लागले की ती दोन दिवस जेवली नाही.

मग तिनेच भर सभेत नियम मागितला आणि तो मंजूर झाला. एखाद्या मजकुराविरुद्ध पाच तक्रारी आल्या, की चौकशी होईपर्यंत त्यावर पळसाचे पान चिकटवायचे. पान लावायचा आणि काढायचा अधिकार एकट्या कासवाला. कासव प्रामाणिक होते. शिवाय त्याला कसलीच घाई नसे, आणि न्याय देणाऱ्याला ते शोभून दिसते.

कोल्ह्याविरुद्ध एकच तक्रार आली, टिटवीची. त्याचा मजकूर राहिला.

पुढे उन्हाळ्यात पाणवठ्यात एक मगर येऊन राहिली. टिटवीने लगेच कातळावर लिहिले, 'पाण्यात मगर आहे. उतरू नका.'

दुपारपर्यंत पाच तक्रारी आल्या. एक मगरीची, भावना दुखावल्याची. उरलेल्या चार, तिचे दात कोरून पोट भरणाऱ्या चार पाखरांच्या. कासवाने तक्रारी दोनदा मोजल्या आणि पान चिकटवले.

तेवढ्यात टिटवीला लांबून हरणी येताना दिसली. बरोबर तहानलेले पाडस होते. टिटवी कासवाकडे झेपावली.

"कासवकाका, तेवढं पान काढा हो. ते पोर जाईल जिवानिशी."

"टिटवीबाई, नियम तुम्हीच मागितला होता. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय मला काही करता येत नाही."

आणि कासव दुसरी बाजू ऐकायला पाणवठ्याकडे निघाले.

हरणी कातळापाशी थांबली. पानाखाली डोकावणे तिला बरे वाटले नाही. कोल्ह्याची ओळ तेवढी तिने वाचली. त्यामुळे डोक्यावर टिटवी घसा फोडून ओरडू लागली तेव्हा हरणी पाडसाला म्हणाली, बिचारीला आभाळाची काळजी आहे.

वाट अरुंद होती. पुढे कासव चालले होते. वडीलधाऱ्यांना ओलांडून कसे जायचे, म्हणून हरणी पाडसासह मागे मागे चालत राहिली.

कासव काठावर पोचले आणि त्याने मगरीला तिचे म्हणणे विचारले. मगरीने म्हणणे मांडायला तोंड उघडले.

हरणी पाडसाला घेऊन उधळली ती थेट टेकडीपार. कासव मगरीच्या जबड्यात अडकले. पाठ काही फुटेना, जबडा काही सुटेना.

"टिटवीबाई," आतून आवाज आला, "पान काढा."

टिटवीला खरेच वाईट वाटले.

"तो अधिकार तुमच्या एकट्याचा आहे, काका."

पान अजून तिथेच आहे. चार पाखरांनी नवी तक्रार केली आहे की कासवामुळे मगरीला बोलता येत नाही. सुनावणी कासवासमोर व्हायची आहे.

तात्पर्य: संकटाची सूचना देण्यापूर्वी संकटाची लेखी संमती घ्यावी. ती न मिळाल्यास निदान त्याचे दात कोरणाऱ्यांची तरी घ्यावी.