सर्वांत अज्ञात शिंप्याचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी कपडे घालत. का घालत, ते विचारू नका. तुम्ही तरी का घालता? त्यातही माद्या काहीतरी अंगावर टाकून कामाला लागत. नरांचा मात्र जीव पोशाखात अडकलेला. म्हणून दर वर्षी तिथं नरपोशाखांचं महाप्रदर्शन भरे.

मधल्या मोठ्या मंडपात मोर आपण शिवलेले कोट मांडून बसे. त्याच्यापुढे ही गर्दी!

शेवटच्या रांगेत, म्हशी लोळतात त्या डबक्याला लागून, केरबा शिंपी बसे. पानं शिवून घरटं करणारा तो एवढासा पक्षी. बारा वर्षं तो दुकान मांडत होता आणि बारा वर्षं लोक त्याला पाणपोई कुठं आहे, एवढंच विचारत होते. यंदा बायकोनं बजावलं होतं, "या खेपेला नाव झालं नाही, तर मुकाट्यानं घरी बसून अंडी उबवा."

त्याचं गिऱ्हाईक एकच, दगडू साळिंदर. साळिंदराच्या अंगावर कपडा दोन घटका टिकत नाही. केरबानं डोकं लढवून त्याच्यासाठी बंडी शिवायला घेतली होती. प्रत्येक काट्याला एक काज! तीनशे काजं झाली होती, चाळीस राहिली होती. दगडूचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

तेवढ्यात सिंहमहाराजांचे खरेदीदार कोल्हेसाहेब आले. महाराजांना मोराचा कंटाळा आला होता. मोराचे कोट आता माकडंसुद्धा घालत. "जंगलात ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही, असा शिंपी शोधा," असा हुकूम सुटला होता. त्याचा संध्याकाळी जाहीर सत्कार व्हायचा होता.

साहेबांनी बंडी उलटसुलट करून पाहिली. त्यांचे डोळे पाणावले.

"असलं काम जन्मात पाहिलं नाही! तुम्हाला कोण कोण ओळखतं?"

"कुणीच नाही, साहेब," केरबा छाती फुगवून म्हणाला.

"उत्तम. एकानं जरी ओळखलं, तरी तुम्ही प्रसिद्ध धरले जाल. नियम आहे."

नेमका तेव्हाच दगडू आला. "केरबादादा, झाली का बंडी? उद्या अक्षता आहेत."

केरबानं साहेबांकडे पाहिलं, मग दगडूला विचारलं,

"कोण आपण?"

"अहो, मी दगडू! माप घेताना तुम्हाला चारदा टोचलो नाही का?"

"काहीतरी गैरसमज होतोय. पाणपोई उजवीकडे आहे."

साळिंदर रागावलं की काटे उभे राहतात. दगडूचे मिटलेलेच राहिले. तो खाली मान घालून निघून गेला. केरबाला वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं. पण साहेबांनी गळ्यात मानाचा बिल्ला अडकवला, तेव्हा थोडं कमी वाटलं.

संध्याकाळी पाच हजार प्राणी जमले. हत्तीनं सोंड उंचावून पुकारा केला, "जंगलातला सर्वांत अज्ञात शिंपी, केरबा!"

"केरबा! केरबा!" पाच हजार गळे ओरडले.

महाराजांनी शाल उचलली आणि ते थबकले.

"कोल्हेसाहेब, याला तर सगळं जंगल ओळखतं."

"आत्ता घटकेपूर्वी ओळखत नव्हतं, महाराज."

"मग घटकेपूर्वी आणायचा होता."

महाराजांनी शाल पुन्हा घडी करून ठेवली. केरबा खाली उतरला तेव्हा एक लांडगा दुसऱ्याला सांगत होता, "केरबा होय? आमच्याकडे कुणी घालत नाही आता."

केरबानं परत येऊन उरलेली चाळीस काजं केली आणि दुसऱ्या दिवशी मांडव गाठला. दगडू बोहल्यावर मोराचा कोट घालून उभा होता. काट्यांनी कोटाच्या चिंध्या झाल्या होत्या.

"दगडू, चुकलो रे," केरबा म्हणाला. "ही घे तुझी बंडी. तो कोट फाटलाय."

दगडूनं बंडीवरून पंजा फिरवला. "सुरेख झालीय. पण मी हाच घालतो."

"अरे, पण का?"

"मोरानं माप घेताना मला नाव विचारलं," दगडू म्हणाला.

मंगलाष्टकं सुरू झाली. केरबा बंडी घेऊन घरी गेला. बायकोनं ती घरट्यात अंथरली. म्हणाली, भोकं बरी पाडलीत, अंड्यांना वारा लागेल.

तात्पर्य : बाळांनो, गुणी कारागीर सापडला, तर बोभाटा करू नये. गुपचूप आपला सदरा शिवून घ्यावा आणि त्याला होता तिथं परत ठेवून द्यावं.