तीन मिलिमीटर वाकडेपणा

भोपाळच्या केंद्रीय झडप निगमाच्या वसाहतीत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी बाल अभियंता स्पर्धा दरवर्षी होत असे. अकराव्या वर्षी असं ठरलं की या स्पर्धेत मुलांनीही भाग घ्यावा.

ही कल्पना निगमाच्या शाळेतल्या विज्ञानशिक्षिका मनोरमा मॅडम यांची. आदल्या वर्षी पहिलं बक्षीस सहावीतल्या एका मुलाच्या वाफेच्या इंजिनाला मिळालं होतं. ते इंजिन सव्वादोन क्विंटल वजनाचं होतं आणि कारखान्याच्या क्रेननं शाळेच्या पटांगणात उतरवलं गेलं होतं. त्याची शिट्टी वाजली तेव्हा सगळ्यात जास्त दचकला तो ते बनवणारा मुलगा. तो जो पळाला तो बक्षीस घ्यायलाही आला नाही. ते त्याच्या वतीनं त्याच्या वडिलांनी घेतलं, आणि कृतज्ञतेचं भाषणही केलं. हे पाहून मॅडमनी महाव्यवस्थापकांना एका ओळीचा अर्ज लिहिला, की यंदा मॉडेल विद्यार्थ्यानं स्वतः बनवलेलं असावं.

महाव्यवस्थापकांना या सूचनेत आक्षेपार्ह काहीच सापडलं नाही. निगमात अशा सूचनेवर ताबडतोब समिती बसत असे. 'बालकृतता पडताळणी समिती' नेमली गेली, आणि पडताळणी हे निरीक्षणाचं काम असल्यामुळे तिचं अध्यक्षपद गुणवत्ता निरीक्षण विभागाच्या शांताराम निमकरांकडे आलं.

निमकर साताऱ्याहून नोकरीसाठी आले त्याला एकोणीस वर्षं झाली होती. या एकोणीस वर्षांत त्यांनी इतरांनी बनवलेल्या वस्तू मोजल्या, आणि अर्ध्या परत पाठवल्या. त्यांची सही असलेली झडप गळली असं कधी झालं नाही. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात काही बनवलं नव्हतं. घरात खिळा ठोकायचा झाला तरी जवाहर चौकातून सुतार यायचा, आणि त्यानं ठोकलेला खिळा सरळ आहे की नाही हे निमकर गुण्या लावून सांगायचे.

समितीसमोर पहिलाच प्रश्न अवघड होता. वस्तू मुलानं बनवलेली आहे हे ओळखायचं कसं? मुलालाच विचारावं, असं मॅडम म्हणाल्या. तोंडी पुराव्याला निगमाच्या नियमांत स्थान नसल्यामुळे ती सूचना वगळण्यात आली. मग आरेखन विभागाचे प्रमुख सदाशिव गद्रे यांनी शास्त्रीय विचार मांडला. मुलाच्या हातची वस्तू वाकडी असते. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की किती वाकडी?

सहावी 'ब' मधल्या चाळीस मुलांकडून पुठ्ठ्याची चाळीस खोकी करवून घेण्यात आली. निमकरांनी ती एकेक करून मोजली, सरासरी काढली आणि चौथ्या दिवशी परिपत्रक निघालं. बालसुलभ वाकडेपणा तीन मिलिमीटर, अर्धा कमी किंवा अर्धा जास्त. फेविकॉलचे ओघळ किमान दोन, वाळलेले. रंग रेषेबाहेर गेलेला, डाव्या बाजूस प्राधान्य. पाटीवर शुद्धलेखनाच्या चुका कमाल दोन. त्या राजभाषा विभागाच्या मान्य यादीतूनच घ्याव्यात. यादीही सोबत जोडली होती. टंकलेखकानं ती टाइप करताना सवयीनं सगळ्या चुका सुधारल्या, म्हणून तिचं शुद्धिपत्रक काढून चुका परत घालाव्या लागल्या.

परिपत्रक वसाहतीत पोचलं तसा घरोघरच्या बापांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आजवर मुलाचं मॉडेल कसं असावं याचा नुसता अंदाज बांधावा लागे. आता मोजमापं हातात होती. विभागाविभागात कामाची वाटणी झाली. आरेखन विभागानं पवनचक्कीचे नकाशे काढले, त्यांत प्रत्येक पात्याचा वाकडेपणा वेगळा दाखवला होता. यंत्रशाळेत दत्तू मिस्त्री नावाचे जुने कसबी कारागीर होते. त्यांचा हात इतका सरळ होता की वाकडं करायला सांगितल्यावर त्यांना दोन दिवस ताप आला. शेवटी त्यांनी वाकडेपणाचा एक पोलादी साचा घडवला. त्यातून काहीही काढलं तरी बरोबर तीन मिलिमीटर वाकडं निघायचं. पहिली खेप पावणेतीनची आली. ती मर्यादेत बसत असूनही मिस्त्रींनी स्वतःच नाकारली. ते म्हणाले, नाव खराब होतं. फेविकॉलचे ओघळ एकसारखे पडावेत म्हणून रंगकाम विभागानं वेगळं पथक नेमलं. जुळणी विभागातल्या एका हुशार अभियंत्यानं तर मॉडेलच्या मागे मुलाच्या बोटांचे ठसे उमटवले. ते ठसे मोठ्या माणसाचे निघाले, तेव्हा त्याला रबराची लहान बोटं करावी लागली.

या सगळ्या गडबडीत निमकरांची मुलगी वसुधा, सातवीतली, स्वतः मॉडेल बनवत होती. वसाहतीत नळाला पाणी पहाटे कधीतरी, लहर लागेल तेव्हा येई, आणि तिची आई सुशीलाबाई बादली लावून ताटकळत बसत. वसुधानं एका उभ्या नळकांड्यात बूच सोडलं, बुचाच्या डोक्यावर तांब्याची पट्टी बसवली, दोन सेल आणि एक विजेची घंटी जोडली. पाणी चढलं की बूच वर येई, पट्टी तारांना टेके आणि घंटी वाजे. जोडणी चुकू नये म्हणून तिनं बाबांचा गुण्या घेतला, पाणसळ घेतली आणि पुरे तीन आठवडे तेच करत बसली. बाबांना तिनं काहीच विचारलं नाही. निमकरांनीही विचारलं नाही. अध्यक्ष असल्यामुळे त्यांना ते योग्य वाटलं नाही.

पडताळणीच्या दिवशी तेहतीस मॉडेल आली. बत्तीस एकजात तीन मिलिमीटर वाकडी होती. तेहतिसावं वसुधाचं. निमकरांनी गेज लावलं. वाकडेपणा शून्य. त्यांनी गेज पुसलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा शून्य. इतक्या वर्षांत इतकी सरळ वस्तू त्यांच्या टेबलावर आली नव्हती. त्यांना एकदम अभिमान वाटला, आणि लगेच घाम फुटला.

गद्रे हळू आवाजात म्हणाले, "निमकर, तुमच्या घरी गुण्या असतो. लोक बोलतील."

निमकरांनी शेरा लिहिला. 'अमान्य. मोठ्यांच्या हस्तक्षेपाचा सबळ संशय.' खाली नेहमीसारखी सही केली.

मनोरमा मॅडमनी हरकत घेतली. त्यांच्या आग्रहावरून वसुधाला बोलावण्यात आलं, आणि तिनं समितीसमोर सगळं मॉडेल सुटं करून वीस मिनिटांत पुन्हा जोडून दाखवलं. घंटी खणखणीत वाजली. समितीनं टाळ्या वाजवल्या आणि निर्णय दिला, की हे मॉडेल तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत तयार झालं असल्यामुळे त्यावर मोठ्यांची छाया पडली आहे. सबब ते अधिकच अमान्य. दुरुस्त नमुना सोमवारपर्यंत सादर करण्याची सवलत मात्र देण्यात आली.

त्या संध्याकाळी निमकर लेकीजवळ बसले. एवढंसं वाकडं कर, अडीच-तीन मिलिमीटर, बाकी मी पाहून घेतो, असं त्यांनी तिला परोपरीनं समजावलं. वसुधानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, वाकडं केलं तर बूच अडकतं," ती म्हणाली. "मग घंटी वाजत नाही."

घंटी वाजण्याबद्दल परिपत्रकात काहीच नव्हतं, पण हे निमकरांना तिच्यासमोर बोलवेना. वसुधानं मॉडेल उचलून आईला देऊन टाकलं. सुशीलाबाईंनी ते मोरीत बादलीवर बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वाचारला पाणी आलं तेव्हा आख्ख्या चाळीस घरांना कळलं.

रविवारी दुपारी वसुधा शाहपुऱ्याला मैत्रिणीकडे गेली. निमकर घरात एकटेच होते. लेकीचं नाव स्पर्धेतून जाणार हे त्यांना पाहवत नव्हतं, आणि ते आपल्याच सहीनं जाणार हे तर अजिबात पाहवत नव्हतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि डब्यातून उरलेलं सामान काढलं. कारखान्यातल्या कुणाला बनवायला सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण अध्यक्षानं कुणाला सांगायचं? मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कात्री हातात घेतली.

चार तास ते झटले. पत्रा कापताना अंगठा कापला, नळकांडं दोनदा निखळलं, फेविकॉल कोपरापर्यंत गेला. त्यांना गुण्या लावायचं सुचलंच नाही. जीभ दातांत धरून ते आपले चिकटवत राहिले. संध्याकाळी त्यांनी आपल्या कामाकडे पाहिलं. ते एका बाजूला कललेलं होतं, बूच तिरकं होतं, आणि त्यात पाणी घातलं की घंटी वाजत नसे, न घालता मात्र मनात येईल तेव्हा वाजे. निमकरांना ते फार आवडलं. त्यांनी त्यावर लेकीचं नाव लिहिलं, आणि घाईत वसुधाचा 'सु' दीर्घ पडला.

सोमवारी समितीनं दुरुस्त नमुना पाहिला. गेज लावण्याची गरजच पडली नाही. गद्रे बराच वेळ त्याच्याभोवती फिरले. मग म्हणाले, "असा नैसर्गिक वाकडेपणा साच्यातून येत नाही, निमकर. पोर गुणी आहे." दत्तू मिस्त्रींना मुद्दाम बोलावून ते दाखवण्यात आलं. मिस्त्रींनी ओघळांवरून बोट फिरवलं आणि मान खाली घातली. एकमतानं पहिलं बक्षीस ठरलं.

बक्षीस समारंभ सामुदायिक भवनात झाला. चारशे पालक आले होते. पडदा सरला, आणि मधोमध फुलांच्या माळेत ते कललेलं मॉडेल उभं होतं. महाव्यवस्थापक जवळ गेले तशी घंटी आपोआप वाजू लागली. पाणी नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. साहेब खूश झाले. त्यांना वाटलं, घंटी त्यांच्या स्वागताला वाजते आहे. वसुधाचं नाव पुकारलं गेलं. ती मंचावर आली आणि मॉडेलकडे पाहत थबकली.

"बेटी, ये तुमने खुद बनाया?" साहेबांनी माइकवरून विचारलं.

वसुधानं ओघळ पाहिले, दीर्घ 'सू' पाहिला, मग समोरच्या रांगेत बसलेल्या वडिलांचा पट्टी बांधलेला अंगठा पाहिला. तिला एकदम हसू यायला लागलं. ते तिनं कसंबसं आवरलं.

"नहीं सर," ती म्हणाली. "ये मेरे बाबा ने बनाया. मेरा वाला सीधा था, वो फेल हो गया."

सभागृहात फक्त घंटी वाजत होती. साहेबांनी माइक हातानं झाकला आणि निमकरांकडे पाहिलं. निमकर उभे राहिले. नोकरी जाईल, निदान बढती तरी जाईल, हे त्यांना दिसत होतं. पण त्याच वेळी आणखीही एक गोष्ट घडत होती. चारशे माणसं मंचावरच्या एका वस्तूकडे पाहत होती आणि ती वस्तू त्यांनी बनवलेली होती. असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

"हो साहेब, मीच बनवलं," ते मराठीतच म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं की आवाज किती मोठा निघाला. "तिचं माझ्यापेक्षा खूप चांगलं होतं. ते मीच नापास केलं."

आता प्रसंग नाजूक झाला. नियमाप्रमाणे बक्षीस रद्द होऊन दुसऱ्या क्रमांकाला जायला हवं होतं. दुसऱ्या क्रमांकाची पवनचक्की घेऊन उभा असलेला मुलगा साहेबांचाच नातू होता, आणि आपल्यालाही हाच प्रश्न विचारणार हे ओळखून तो उत्तर द्यायला तोंड उघडतच होता. गद्रे चपळाईनं मंचावर चढले आणि साहेबांच्या कानाला लागले. एकेका मुलाला विचारत बसण्यात वेळ जाईल. मुलं लहान आहेत, गोंधळतात. त्यापेक्षा पालकांकडूनच एकत्रित खातरजमा करून घ्यावी. साहेबांना ते पटलं. त्यांनी माइकवरचा हात काढला आणि विनंती केली, की ज्यांच्या मुलांनी आपलं मॉडेल, शाळेचा प्रकल्प, निबंध, चित्र, जे काही असेल ते, मोठ्यांची मदत न घेता स्वतः केलं आहे, त्या पालकांनी कृपया उभं राहावं.

खुर्च्यांचा खडखडाट झाला. सगळं सभागृह एका क्षणात उभं राहिलं. छाती पुढे, मान ताठ; कुणीही तीन मिलिमीटरसुद्धा वाकलेलं नव्हतं. निमकर आधीपासूनच उभे होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि आपली गणना चुकून यांच्यात होईल म्हणून ते हळूच खाली बसले.

मंचावरून वसुधाला ते दिसले. आता तिला हसू आवरेना. तिनं दोन्ही हात उंच करून बाबांकडे हलवले. मग बाकीच्यांत ओळखीचं कोण कोण उभं आहे ते पाहावं म्हणून तिनं टाचा उंचावल्या आणि रांगांवरून नजर फिरवली. पण गर्दी फार होती, त्यामुळे तुम्ही नेमके कुठल्या रांगेत उभे होतात ते तिला नीटसं दिसलं नाही.