विश्वासराव सरांचे सवाल

विश्वासराव सर इंग्रजीच्या क्लासात उत्तर देणाऱ्याला बाहेर काढायचे. पुंडलिकनगरात त्यांच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकलेली, तिच्यावर आम्ही वाळूजच्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरं. "जवाब कुणीबी देतंय. सवाल करायला शिका. ज्याला साहेबाला विचारता येत नाय, त्याला साहेब जन्मभर विचारतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सवालबी सगळे कामाचेच. किती वाजता कामावर जाता, वरचा साहेब कसा हाय, सुट्टी कधी मिळती. वहीत लिहायचं काय नाय. कंपनीच्या बसमधी अनोळखी माणसाला इंग्रजीत विचारून यायचं. मी एकदा शेजारी बसलेल्या गृहस्थाला "डू यू लाइक युवर बॉस?" विचारलं. तो आमच्याच खात्याचा नवा सुपरवायझर निघाला. त्यानं आठवडाभर मला भट्टीपाशी उभं केलं. सरांना सांगितलं तर सर लई खूष. म्हणाले, सवाल बरोबर लागला म्हणायचा.

आमचं घराणं मेंढरं राखणारं. मेंढरांना इंग्रजी लागत नाय, त्यामुळं माझ्या डोक्यात चार सवालांच्या वर काय शिरलंच नाय. सर म्हणायचे, चार तर चार, तेवढ्यावर भागव.

मग विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं. सर सिल्लोडकडच्या मोठ्या जमीनदार घरातले, तरी नामांतराच्या बाजूनं मोर्चात चालले. क्लासात तर दलित पोरं आन् आम्ही पहिल्यापासून मांडीला मांडी लावून बसायचो. एका संध्याकाळी सरांचे थोरले भाऊ गावाहून आले आन् आमच्यादेखत म्हणाले, ही पोरं इथून उठव, नायतर घराचा उंबरा तुला बंद. सर म्हणाले, "दादा, बसा. इथं बोलायचं तर सवाल करायचा, तोबी इंग्रजीत." दादा पाणीबी न घेता गेले.

त्यानंतर क्लास गळत गेला. कुणाला घरचे सोडंनात, दलित पोरं मारहाणीच्या भीतीनं संध्याकाळचं बाहेर पडंनात. एक दिवस गेलो तर सतरंजीवर मी एकटाच. मी शूर म्हणून गेलो असं कुणी समजू नका. रात्रपाळी करून दिवसभर झोपणारा गडी मी. शहरात काय चाललंय ते मला सगळ्यात शेवटी कळायचं.

सरांनी एकट्यासाठीबी क्लास घेतला. विचारायला दुसरं कुणी नाय, म्हणून मी सरांनाच विचारत सुटलो. कामाला कधी लागता, बॉस आवडतो का, सुट्टी कधी. सर हसत होते. चौथा उरला होता, तोबी टाकला. "सर, व्हॉट टाइम डू यू गो होम?"

सरांचं हसू गेलं. सतरंजीचं टोक सरळ करत बसले. मग स्वतःचाच नियम मोडून त्यांनी जवाब दिला, तोबी मराठीत.

"घरात घेतलं तर आत्ता निघतो, बाबा. आई आजारी हाय. परवा गेलतो. दादानं दारातूनच माघारी धाडलं."

माझे सवाल संपले होते. लई वाईट वाटलं. मग रानातून आलेल्या माणसाला आमच्यात आधी जे विचारतात, तेच विचारलं.

"सर, जेवलात का?"

त्यांनी नाय म्हणून मान हलवली. मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला. पिठल्यात माझ्या इंग्रजीवानी गुठळ्याच गुठळ्या झाल्या, तरी सरांनी दोनदा मागून घेतलं. मग ताट धुताना, माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "उद्या येशील ना रं?"