कपाळामागचा मुकादम

यशवंत सकाळी गणपतीचा पाट घेऊन स्कूटरवरून निघाला आणि जेवणवेळेला चार उंडे पाव, कुणाची तरी छत्री आणि झेंडूचं एक रोप घेऊन परतला.

"पाट दिलो मूं गुरुदासाक?" बायकोने, कमलाक्षीने विचारलं.

"कसलो पाट?" यशवंत म्हणाला. त्या क्षणी तो रोप कुठे लावावं या विवंचनेत होता.

कमलाक्षीने कपाळाला हात लावला. मुळगावात प्रत्येक घराने आपला पाट आधीच मूर्तिकाराकडे पोचवायचा असतो; त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. गेल्या वर्षी यशवंत पाट न्यायचाच विसरला आणि ऐनवेळी कुणी न नेलेला, एका कानाने लहान असलेला गणपती घरी आणावा लागला. तेव्हा धाकट्या भावाने, धाकूने, भर आरतीत जाहीर केलं होतं, "दादा, परत चुकलो जाल्यार घराण्याचो गणपती म्हज्या घरा!"

मानसशास्त्र शिकणाऱ्या गौरवीने बापाची बाजू घेतली. "आई, बाबांचो दोष ना. कपाळाच्या मागे मेंदूचो एक भाग आसता. कुठलें काम आधी, कुठलें मागीर, खंय तोंड आवरचें, तें तो ठरवता. खाणीवरच्या मुकादमासारखो. मुकादम पेंगलो की ट्रक खंयचे खंय वतात."

"आणि तो पेंगता कित्याक?"

"वय, काळजी, अपुरी झोप..."

"अपुरी झोप? ह्यांका?" कमलाक्षी म्हणाली. "दुपारचें ह्यांचें घोरणें आयकून पाववालो पोदेर दुसऱ्या वाटेन वता!"

यशवंतने खूप आठवून पाहिलं. छत्री आठवली, रोप आठवलं, पाट काही आठवेना. गुरुदासला फोन करावा, तर तो नाही म्हणायचा आणि बातमी संध्याकाळपर्यंत धाकूकडे पोचायची. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. कमलाक्षीनेही तो विषय पुन्हा काढला नाही. तिच्या बोलण्यापेक्षा तिच्या गप्प बसण्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सगळे मूर्ती आणायला गुरुदासच्या चित्रशाळेत गेले. यशवंत सगळ्यांच्या मागे, झेंडूच्या माळेआड तोंड लपवून. धाकू मात्र स्वतःचा टेम्पो घेऊन आला होता आणि उगाचच खूश दिसत होता.

"यशवंतबाब," गुरुदास मूर्तिकार म्हणाला, "तुमचे तीनय गणपती तयार आसात."

"तीन?"

"पयलो पाट तुमी दिलो. मागीर वयनी एक घेऊन आयली, म्हणाली, कोणाक सांगू नका. मागीर धाकू आयलो. तोय म्हणालो, कोणाक सांगू नका." गुरुदासने अभिमानाने मान ताठ केली. "हांवें कोणाक सांगलें ना. एकाच घरचे म्हणून तीनय सारखेच केले."

"म्हणजे हांवें पाट दिल्लो!" यशवंत आनंदाने ओरडला.

"मगे सांगलें कित्याक ना?" कमलाक्षी कडाडली.

"सांगपाचें उरलें."

"वयनी, तुमी नवऱ्याक चोरून पाट दिलो?" धाकू म्हणाला.

"आणि तू मरे? भाव विसरतलो म्हणून टेम्पो घेऊन आयलो?"

"तुमच्यांतल्या एकानेय गुरुदासमामाक फोन केलो ना?" गौरवीने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मगे मुकादम जागो कोणाचो आसलो?"

शेवटी गुरुदासनेच निवाडा केला: पहिला पाट यशवंतचा, घराण्याचा गणपती यशवंतच्या घरी. उरलेल्या दोन मूर्तींसाठी गिऱ्हाइकं दारातच उभी होती. रजा न मिळाल्याने गावी जाता न आलेला बेळगावचा परशुराम आणि त्याचा सोबती. पाट विसर्जनानंतर परत करतो म्हणाले. धाकूचं तोंड कच्चं, आंबट बिमलं खाल्ल्यासारखं झालं.

यशवंतने समोरचा गणपती उचलला आणि छाती काढून टेम्पोत बसला. तोही धाकूच्याच.

घरी फळापानांनी सजवलेल्या माटोळीखाली मूर्ती बसवून तो खालचं वस्त्र सारखं करू लागला, आणि पाटाच्या मागच्या कडेवर त्याला गुरुदासचं खडूतलं अक्षर दिसलं: धाकू.

मागे धाकू हात जोडून, पडल्या चेहऱ्याने उभा होता. यशवंतचं तोंड उघडलं. आयुष्यभर ते असंच उघडत आलं होतं आणि आतलं सगळं बाहेर सांडत आलं होतं. पण या वेळी कपाळामागे कुणीतरी दचकून जागं झालं, टोपी सारखी केली आणि जोरात शिटी फुंकली.

यशवंतने तोंड मिटलं. वस्त्र पाटाच्या कडेवरून खाली ओढलं आणि आरती सुरू केली.

ती गोष्ट त्याने अजून कुणालाच सांगितलेली नाही. विसरला म्हणून नव्हे.