इनास साळिंदर कसा हरवला

शेपट्या आवरा पाहू, पिल्लांनो. कान टवकारा. मागच्या रांगेतल्या माकडांनी एकमेकांच्या उवा नंतर काढाव्यात.

जंगल होतं एक. दाट होतं आणि धार्मिकही होतं. वडाच्या पारंब्या, करवंदाच्या जाळ्या, आणि मधोमध पांढरंशुभ्र चर्च. चर्च संत अंतोनाचं. संत अंतोन म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. पालीची शेपटी हरवली की मेणबत्ती त्याला. कोकिळेला आपली अंडी कोणाच्या घरट्यात ठेवली ते आठवेना की नवस त्यालाच.

जंगलाचं वर्ष चर्चच्या घंटेवर चालायचं. राखेच्या बुधवारी सगळे कपाळावर राखेचा क्रूस काढून घ्यायचे. अस्वलाच्या कपाळावर तो दिसायचाच नाही, म्हणून अस्वल रांगेत पुन्हा उभं राहायचं. झावळ्यांच्या रविवारी हत्ती आपली झावळी मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपायच्या आत खाऊन टाकायचा आणि शेजाऱ्याच्या झावळीकडे बघायचा. नाताळच्या गव्हाणीत गाढव म्हणून कोण उभं राहणार यावरून गाढवांच्या दोन घराण्यांत दर डिसेंबरला लाथाळी व्हायची. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे संत अंतोनाचा सण. वाजंत्री काय, मिरवणूक काय, वाफाळती सांदणं काय!

या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन चालायचा इनास साळिंदर.

तुम्हाला वाटेल, इनास मोठा मानकरी असेल. तसं काही नव्हतं. तो पुढे चालला की मागचे आपोआप अंतर ठेवून चालायचे. काटेच होते तसे. ढकलाढकली नाही, रेटारेटी नाही, मिरवणूक कशी ओळीत. एवढ्याचसाठी झेंडा त्याच्याकडे होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. इनासलाही ठाऊक होतं.

रविवारी तो शेवटच्या बाकाच्या शेवटच्या टोकाला बसायचा. शेजारी कोणी नसायचं. मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की सगळे एकमेकांचे पंजे धरायचे आणि इनासला लांबूनच मान डोलवून दाखवायचे. इनासही मान डोलवायचा. ऊन असो, थंडी असो, अंगात ताप असो, त्याचा रविवार कधी चुकला नाही. आणि त्याच्या बिळात, बायको सेलिन सोडली, तर चर्चमधलं कोणी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

मग काय झालं, जुने फादर निवृत्त झाले आणि नवे आले. फादर विल्फ्रेड करकोचा. उंच, पांढरे, लांब चोचीचे. उत्साह तर असा की प्रवचन करताना एकदा उजव्या पायावर उभे, एकदा डाव्या. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं,

"माझ्या प्रिय बंधुभगिनींनो, इथे कोण आलेलं नाही?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जे आले नव्हते त्यांच्यापैकी कोणीच हात वर केला नाही.

"पाहिलंत?" फादर दुसऱ्या पायावर गेले. "कळपातलं एक मेंढरू हरवलं तर चांगला मेंढपाळ काय करतो? बाकीची तिथंच सोडून त्याला शोधायला जातो! सापडलं की खांद्यावर घेऊन नाचत येतो! आपणही जाऊ या!"

टाळ्या पडल्या. मेंढरं मात्र जरा विचारात पडली.

झालं. 'हरवलेल्यांची मोहीम' निघाली. अध्यक्षपदी ओल्गाबाई खार. ओल्गाबाईंना बसवत नसे, म्हणून त्यांना प्रत्येक समितीवर बसवत. दुपारपर्यंत त्यांनी पिवळे टी-शर्ट शिवून घेतले, फ्लेक्स लावला, मोबाइलवर ग्रुप काढला, आणि ग्रुपवर गुलाबाच्या फुलासकट 'सुप्रभात' टाकलं.

पहिला हरवलेला ठरला दुमिंग मगर. दुमिंग आपल्या लग्नानंतर चर्चकडे फिरकला नव्हता. अख्खी मोहीम वाजंत्रीसकट नदीवर गेली. दुमिंग वाळूत ऊन खात पडला होता.

"दुमिंगभाऊ, तुम्ही हरवला आहात!" ओल्गाबाई ओरडल्या.

दुमिंगने एक डोळा उघडला. "मी? मी तर इथंच आहे. नेहमी इथंच असतो."

"तेच तर दुःख आहे!" फादरांनी डोळे पुसले. "उचला यांना!"

दुमिंगला उचलणं म्हणजे चेष्टा नव्हती. रानडुकरांनी डोकं लावलं, रेड्यांनी पाठी दिल्या. वाटेत तो एकदा करवंदाच्या जाळीत पडला आणि एकदा अस्वलावर. पण आणला! त्याच्या गळ्यात हार, पुढच्या बाकावर गादी, पुढ्यात रव्याचा केक. सगळ्यांनी त्याच्यासोबत सेल्फी काढले. क्वायरमधल्या बुलबुलांनी त्याच्यासाठी खास गीत म्हटलं. दुमिंगने केक खाल्ला, ताट चाटलं आणि भारावून म्हणाला, "हे सगळं दर रविवारी असतं?"

"असतं, असतं," सगळे म्हणाले. दर रविवारी नुसता उपदेश असतो हे त्याला कोणी सांगितलं नाही.

शेवटच्या बाकावरून इनास हे टाचा उंचावून बघत होता. एवढ्यात ओल्गाबाई आल्या.

"इनासकाका, जरा उठता का? मगरभाऊंची शेपटी पार इथवर येतेय."

"मग मी कुठे बसू?"

"तुम्ही काय हो, घरचेच!" असं म्हणून ओल्गाबाई पळाल्या. घरचा इनास व्हरांड्यात उभा राहिला.

पुढच्या रविवारी घुबड सापडलं. त्याच्या सोयीसाठी खिडक्यांना पडदे लावले. त्याच्या पुढच्या रविवारी कोल्हा. कोल्हा तर आदल्या महिन्यापर्यंत नेमाने यायचा, पण हरवायचं कसं ते त्याला चटकन जमलं. त्याला केकही मिळाला आणि सांदणंही.

त्या दुपारी इनास बिळात येऊन बसला. सेलिन वाल सोलत होती.

"सेलिन, मी हरवू का गं?"

सेलिनने वर पाहिलं नाही. "हरव की. पण आधी दळण आणून ठेव."

इनासने दळण आणून ठेवलं. मग तो गुडघे टेकून म्हणाला, "संत अंतोना, सगळे तुला हरवलेलं शोधून दे म्हणतात. मी उलटं मागतोय. मला नीट हरवून दे. फार लांब नको. सापडेन एवढंच."

रविवारी तो चर्चमागच्या चाफ्याआड जाऊन बसला. कोणाला शोधायला त्रास नको म्हणून एक पाय बाहेर ठेवला. आतून गाणी ऐकू येत होती. शेवटच्या बाकावर त्याच्या जागी सशांचं एक कुटुंब ऐसपैस बसलं होतं, आणि ससा सशिणीला सांगत होता, "आज हवा कशी खेळती आहे नाही?"

मिस्सा संपली. कोणी आलं नाही.

पुढच्या रविवारी इनासने दोन्ही पाय बाहेर ठेवले. आणि काय सांगू, ओल्गाबाई खरंच आल्या! इनास सरसावून बसला. काटे ताठ झाले.

"अय्या, इनासकाका! बरे सापडलात!"

"सापडलो?" इनासचा आवाज चिरकला.

"हो ना! या खुर्च्या आत न्यायच्यात. धरा बरं."

"ओल्गाबाई, मी हरवलोय."

"हो हो, हरवा ना, नंतर हरवा. आधी खुर्च्या."

इनासने खुर्च्या उचलल्या. तो दुसरं करणार काय? चालता चालता त्याने विचारलं, "बाई, मोहिमेत यायचं तर काय करावं लागतं हो?"

"मोहिमेत?" ओल्गाबाईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्हाला नाही जमायचं, काका. तुमची हजेरी फार आहे."

त्या दिवशी इनास घरी आला तो बिळाच्या तोंडाशी धोंडा लावून बसला. "सणालासुद्धा जाणार नाही," म्हणाला. सेलिन घाबरली. इनास रागावला की काटे फुलवायचा. आज त्याचे सगळे काटे खाली पडले होते, ओल्या गवतासारखे.

आता इकडे काय झालं ऐका. खुर्च्यांची ती गोष्ट जंगलात पसरली आणि नेमाने येणाऱ्या प्रत्येकाला आपापली खुर्ची आठवली. हरणं म्हणाली, आम्ही वर्षानुवर्षं फुलं आणतो, आम्हाला कोणी हार घातला? हरणं हरवली. बुलबुल म्हणाले, आमचे गळे सुकले, आम्हाला कोणी केक दिला? बुलबुल हरवले. दोन्ही घराण्यांतली गाढवं एकाच दिवशी हरवली आणि एकाच खड्ड्यात लपल्यामुळे तिथंही भांडली. मेंढरं तर मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून टपूनच होती. शेवटी सणाच्या आदल्या दिवशी ओल्गाबाईंनी ग्रुपवर लिहिलं, 'सगळ्यांना मी शोधायचं. मला कोण शोधतं?' आणि त्या सर्वांत उंच सागावर चढून बसल्या.

सणाचा दिवस उजाडला. फादर करकोचांनी झग्याला इस्त्री केली, दार उघडलं आणि तसेच एका पायावर थिजले.

चर्च रिकामं! वाजंत्री नाही, क्वायर नाही, फुलं नाहीत. सांदणांच्या चुली थंड. पुढच्या बाकावर गादीवर फक्त दुमिंग मगर. घुबड झोपलं होतं, ते धरायचं का नाही तुम्हीच ठरवा.

"फादर," दुमिंग म्हणाला, "केक कुठाय?"

"दुमिंग, सगळे हरवले!" फादर मटकन खाली बसले. करकोच्याला असं बसता येत नाही, पण ते बसले.

"मग शोधू या की. आधी इनासकडे जाऊ, झेंडा त्याच्याकडे आहे. राहतो कुठे तो?"

जंगलात जे जे चर्चला येत नव्हते त्यांचं घर फादरांना पाठ होतं. जे येत होते त्यांच्यापैकी एकाचंही घर ठाऊक नव्हतं. पांढऱ्याशुभ्र फादरांची मान लाजेने लाल झाली.

"मला ठाऊक आहे," दुमिंग म्हणाला. "सगळे पाणी प्यायला माझ्याकडेच येतात. कोण कुठल्या वाटेने येतं, कुठल्या वाटेने जातं, दिवसभर पडल्यापडल्या दुसरं बघायचं काय? बसा पाठीवर."

निघाले दोघं. मगर सरपटतेय, पाठीवर करकोचा तोल सांभाळतोय, झगा वाऱ्यावर फडफडतोय. झाडाझुडपांतून हरवलेले सगळे डोळे विस्फारून बघत होते आणि श्वास रोखून होते. 'माझ्याकडेच येतायत,' असं प्रत्येकाला वाटत होतं.

बिळात इनास बसला होता. सणाला जायचं नाही म्हणून सणाचा सदरा घालून बसला होता. सदऱ्याला काट्यांनी पडलेली भोकं सेलिनने आदल्या दिवशी गुपचूप रफू केली होती, आणि तो घालताना त्याने नवी पाडली होती.

बाहेर धोंडा सरकला. एक लांबलचक नाक आत आलं.

"इनास," नाक म्हणालं, "तू हरवलायस का?"

इनासने सेलिनकडे पाहिलं. सेलिनने मान हलवली, बोल की मेल्या.

"हो," इनास म्हणाला. "कधीचा."

"काका, मला माफ करा," मागून फादर म्हणाले. त्यांनी पुढे होऊन इनासचा पंजा आपल्या पंखांत घेतला. दोन काटे टोचले, फादर 'आई गं' म्हणाले, पण पंजा काही सोडला नाही. "चला. खांद्यावर बसा."

"मला? मला कोण उचलेल, फादर?"

"चढ रे, चढ," दुमिंग म्हणाला. "माझी कातडी बघितलीस का? गेंडा माझ्याकडून उसनी मागतो."

इनास चढला. दुमिंग दोन पावलं चालला आणि थांबला. इनासचं तोंड उतरलं. "टोचतंय ना?"

"टोचतंय कसलं!" दुमिंग हसत सुटला. "गुदगुल्या होतायत! हलू नकोस! नाही नाही, हल! अजून हल!"

आणि मग काय विचारता! मगर हसतेय, हसताना गदागदा हलतेय, पाठीवर इनास झेंडा उंच धरून "संत अंतोन की जय!" म्हणून ओरडतोय, मागे सेलिन ताट बडवतेय, फादर पंख पसरून नाचतायत! ते पाहून झाडाझुडपांना धीर धरवेना. "आम्हीपण हरवलोय!" मेंढरं धावत आली. "आम्ही आधीपासून हरवलोय!" हरणं आली. गाढवं खड्ड्यातून एकमेकांना ढकलत वर आली. सागावरून ओल्गाबाई ओरडल्या, "मी इथे आहे! सापडले नाही म्हणता येणार नाही, मी मोबाइलवर लोकेशन टाकलं होतं!" ज्याला त्याला उचलून हवं होतं. सशाने हरणाला उचलायचा प्रयत्न केला, अस्वलाने सशाला हरणासकट उचललं. मिस्सा दुपारची, ती सूर्य मावळायला आल्यावर सुरू झाली. पण बुलबुल असे गायले की घुबडसुद्धा जागं झालं.

त्यानंतरच्या रविवारी इनास शेवटच्या बाकावर जाऊन बसला, तर शेजारी दुमिंग. गादी पुढेच टाकून आलेला. प्रवचन सुरू होताच दुमिंगचा डोळा लागला आणि भलंमोठं डोकं इनासच्या खांद्यावर आलं. काट्यांचं त्याला काहीच नव्हतं. तो घोरत होता, आणि इनासचा खांदा अवघडून बधिर झाला होता.

इनासने प्रवचन संपेपर्यंत खांदा जराही हलवला नाही.

आता तात्पर्य. ते घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

पिल्लांनो, चर्चला नेमाने जाऊ नये. नेमाने जाणाऱ्याला खुर्च्या उचलाव्या लागतात. न जाणाऱ्याला खुर्चीसकट उचलतात. आणि हरवायचंच असेल तर आधी एखाद्या मगरीच्या नदीवर रोज पाणी प्यायला जावं, म्हणजे आपलं घर निदान कोणाला तरी ठाऊक राहतं.